कर्ली नदीच्या मुखाशी

बीडच्या माणसाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. शहरातून जाणारी बिंदुसरा वर्षातले बरेच महिने वाळूचा पट्टा होऊन पडलेली असते. १९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरणाचा तळ उघडा पडला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मी नोकरीच्या अखेरच्या टप्प्यात होतो. अशा जिल्ह्यात जन्मलेल्या आणि निवृत्तीनंतर तेथेच स्थिरावलेल्या माणसाने डॉल्फिनविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या डिसेंबरातील एका प्रवासाचा हिशेब माझ्या मनात अजून जुळलेला नाही. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

निमित्त झाले नातवाचे. त्याच्या नवव्या वाढदिवसाला कोणीतरी ॲमेझॉन नदीवरील सचित्र पुस्तक भेट दिले. त्यात गुलाबी रंगाच्या डॉल्फिनचे चित्र होते. त्याने विचारले, "आबा, हा आपल्या गोदावरीत का नाही?" मी सांगितले की गोदावरीत नसला तरी गंगेत त्याच्यासारखाच नदीत राहणारा डॉल्फिन आहे, २००९ साली केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला आहे, आणि आपल्या कोकणच्या समुद्रातही डॉल्फिन आहेत. त्याचा पुढचा प्रश्न सरळ होता. "तुम्ही पाहिलेत?"

मी पाहिले नव्हते. विशेष म्हणजे १९८८ पासून तीन वर्षे मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका किनारी गावात बँकेच्या शाखेवर अधिकारी होतो. समुद्र कचेरीच्या खिडकीतून दिसत असे. तरीही पाण्यात उतरलेल्या नौकेत मी एकदाही बसलो नव्हतो. नौका मला ठाऊक होत्या त्या कर्जाच्या फायलीतून.

तेव्हा ठरले. सौभाग्यवती, मुलगा, सून, नातू आणि मी असे पाच जण पहाटे बीडहून निघालो. तुळजापूर, सोलापूर, सांगली करीत कोल्हापूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवली आणि पुढे कसालवरून मालवण गाठले. बालाघाटच्या उघड्या माळांची सवय असलेल्या डोळ्यांना घाटातली ती ओली हिरवाई पुन्हा तितकीच परकी आणि तितकीच हवीशी वाटली. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला नातवाला दाखवला. या किल्ल्याभोवतीच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. म्हणजे मी बदलून येण्याच्या आदल्याच वर्षी. तेथे तीन वर्षे काढूनही ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, हे कबूल करतो.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग. देवबागची जमीन चिंचोळी होत जाते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाशी दोघांचा संगम. सकाळी सातला आम्ही नदीतल्या धक्क्यावरून नौकेत बसलो. नौका चालवणारा तरुण विशी-बाविशीचा असेल. संगम ओलांडून उघड्या समुद्रात गेल्यावर त्याने इंजिन मंद केले आणि हात लांब केला. पाण्यावर एक शिसवी पाठ वर आली, वळली आणि नाहीशी झाली. मग दुसरी, मग तिसरी. पाठीच्या मध्यावर लांबट उंचवटा आणि त्याच्यावर लहानसा त्रिकोणी पर. नातू उभा राहून ओरडला. खरे सांगायचे तर मीही ओरडलो.

या डॉल्फिनला त्या उंचवट्यामुळेच कुबडवाला डॉल्फिन म्हणतात. २०१४ साली शास्त्रज्ञांनी कुबडवाल्या डॉल्फिनच्या चार निरनिराळ्या जाती मानल्या. त्यांपैकी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची जात दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती खोल समुद्रात जात नाही. साधारणतः २५ मीटरपेक्षा उथळ पाणी, खाड्या आणि नद्यांची मुखे हाच तिचा संसार. नदी गाळाबरोबर अन्न आणते, त्यावर लहान मासे जगतात आणि त्या माशांवर डॉल्फिन. नदीचे मुख ही जणू बाजारपेठ आहे. अडचण अशी की तीच बाजारपेठ माणसाचीही आहे. बंदर तेथेच, जाळी तेथेच, सांडपाणी तेथेच आणि आता पर्यटकही तेथेच.

डॉल्फिन हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो. कुबडवाल्या मादीला प्रजननक्षम व्हायला सुमारे दहा वर्षे लागतात. गर्भ जवळजवळ वर्षभर वाढतो, एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षांचे अंतर असते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा, म्हणून तो आवाज सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट, भक्ष्य आणि आपली माणसे ओळखतो. इंजिनाचा गोंगाट त्याच्या दृष्टीने डोळ्यांत धूळ फेकण्यासारखाच.

हे सारे मी नंतर वाचले. त्या सकाळी मला एवढेच कळत होते की बीडहून इतक्या दूर आलो आहोत आणि पाठी फार लांब दिसत आहेत. मी खिशातून पाचशेची नोट काढली आणि त्या मुलाला म्हटले, "जरा आणखी जवळ घ्या." तो क्षणभर घुटमळला. म्हणाला, "काका, जवळ गेल्यार ती खाली जातत." परंतु नोट पुढे होती. त्याने इंजिनाचा वेग वाढवला. आमची नौका वळलेली पाहून आणखी तीन नौका तिकडेच वळल्या. चारी बाजूंनी आम्ही त्या कळपाभोवती कोंडाळे केले. त्यात एक मादी होती आणि तिच्या कुशीला चिकटून चालणारे लहानसे पिल्लू. ती बुडाली, दूर जाऊन वर आली, आम्ही तिकडे गेलो. ती पुन्हा बुडाली, आम्ही पुन्हा गेलो. असे पाच-सहा वेळा झाले. पिल्लाला आईइतका वेळ श्वास रोखता येत नाही. ते दर खेपेला तिच्या आधी वर येत होते आणि तिलाही त्याच्यासाठी वर यावे लागत होते.

नातवाचे ओरडणे केव्हाच थांबले होते. त्याने माझा सदरा ओढून विचारले, "आबा, ते आपल्याला भेटायला येतायत, की आपल्यापासून पळतायत?"

मी त्या मुलाला नौका मागे घ्यायला सांगितले. परत येईपर्यंत आम्ही कोणी फारसे बोललो नाही.

त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या शाखेच्या गावी गेलो. एका जुन्या कर्जदाराची चौकशी केली. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी मला लगेच ओळखले. अंगणात खुर्ची मांडली, सोलकढी पुढे केली आणि म्हणाले, "सायबानू, पयल्यासारखो मासो आता गावणा नाय."

माझ्या नोकरीच्या त्या वर्षांत यांत्रिक नौका, इंजिने आणि नायलॉनची जाळी यांसाठी कर्जे देण्यावर आमचा मोठा भर असे. बीडच्या घरी आई पाणी गाळल्याशिवाय चुलीवर ठेवत नसे, आणि इकडे मी जाळ्यांची कोटेशने तपासून मंजुरीची सही करीत असे. ज्याच्या घरची चूल त्या जाळ्यावर पेटते त्याला दूर बसून उपदेश करणे सोपे असते, म्हणून त्या कर्जांचा निवाडा मला आजही करावयाचा नाही. पण एक गोष्ट आता लक्षात येते. अर्जात नौकेची किंमत होती, डिझेलचा खर्च होता, दर फेरीचे उत्पन्न आणि हप्त्याची रक्कम होती. समुद्रात मासा किती शिल्लक आहे, हा रकाना त्या अर्जात नव्हता.

सकाळची हकीकत सांगितल्यावर ते गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमी माका एकदा नोटीस धाडलेली, आठावता?" मला आठवत नव्हते. एक हप्ता थकला होता, म्हणून मी नियमाप्रमाणे नोटीस काढली होती. त्या महिन्यात त्यांच्या जाळ्यात मादी डॉल्फिन अडकली होती आणि पिल्लू बाहेर घिरट्या घालीत होते. नायलॉनचे बारीक जाळे डॉल्फिनला वेळीच उमगत नाही. अडकला की तो श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच गुदमरतो. त्यांनी जाळे कापून तिला सोडले. जाळे गेले, महिन्याची कमाई गेली, हप्ता थकला. "तुमका सांगूचो इचार इलो," ते म्हणाले, "पण तुमच्या कागदार तेका जागा खय हुती?"

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. सोलकढीचा पेला मात्र माझ्या हातात तसाच राहिला.

आता त्या कागदावर थोडी जागा झाली आहे, हे सांगायला आनंद वाटतो. डॉल्फिन, समुद्री कासव यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. कोकण सिटेशियन रिसर्च टीम हा तरुण संशोधकांचा गट सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर डॉल्फिनच्या पाठीवरील परांची छायाचित्रे घेऊन, त्यांवरील खाचा आणि व्रण यांवरून एकेक प्राणी ओळखण्याचे काम करीत आला आहे. प्रत्येक खातेदाराची नमुना-सही जपून ठेवावी, तसेच हे.

घरी परतल्यावर नातवाचे ते पुस्तक मी स्वतः वाचायला घेतले आणि त्यापाठोपाठ आणखी बरेच वाचले. आपल्या किनाऱ्यावर जे आज अंधूक दिसते, ते दक्षिण अमेरिकेत ठळक अक्षरांत लिहिलेले आहे, असे माझ्या ध्यानात आले. म्हणून तिकडचा वृत्तांत थोडक्यात देतो.

ॲमेझॉनच्या खोऱ्यात दोन डॉल्फिन राहतात. एक तो चित्रातला गुलाबी, ज्याला तेथे बोतो म्हणतात. तो अडीच मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या मानेचे मणके जुळलेले नसल्यामुळे तो मान सहज वळवतो, आणि पुराचे पाणी जंगलात शिरले की झाडांच्या बुंध्यांमधून वाट काढीत मासे पकडतो. दुसरा तुकुशी, लहान आणि करड्या रंगाचा, मोकळ्या पाण्यात राहणारा. किनाऱ्यावर त्याचाच भाऊबंद गयाना डॉल्फिन आहे. त्याच्या चोचीवरील खळग्यांना माशांच्या शरीरातील अतिसूक्ष्म वीजही जाणवते. आणखी दक्षिणेस ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्या किनाऱ्यावर फ्रान्सिस्काना राहतो. वंशाने तो नदीतल्या डॉल्फिनचा नातलग, परंतु संसार थाटला समुद्रात. माणसाच्या उंचीपेक्षाही लहान असलेला हा प्राणी मासेमारीच्या जाळ्यांत फार मोठ्या संख्येने मरतो.

बोतोवर वेगळेच संकट आले. पिराकातिंगा नावाचा मेलेल्या प्राण्यांवर जगणारा एक मासा आहे. त्याला पकडण्यासाठी आमिष म्हणून बोतोला मारून त्याचे मांस वापरण्याची रीत पडली. ब्राझीलने जानेवारी २०१५ पासून त्या माशाच्या मासेमारीवरच बंदी घातली. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲमेझॉनला भीषण दुष्काळाने गाठले. तेफे नावाच्या सरोवराचे पाणी आटत गेले आणि उरलेले पाणी ३९ अंश सेल्सिअसच्याही वर तापले. काही आठवड्यांत दीडशेहून अधिक डॉल्फिन मरण पावले. जगातील सर्वांत अधिक पाणी वाहून नेणाऱ्या नदीच्या खोऱ्यात ही घटना घडली. ती वाचताना मला २०१६ चा आमचा उन्हाळा आठवला. आटत आलेल्या तळ्याच्या मध्यभागी उरलेल्या चिखलात तडफडणारे मासे मी तेव्हा पाहिले होते. पाणी आटते तेव्हा बीड आणि ब्राझील यांत फारसे अंतर उरत नाही.

आता थोडा हिशेब. व्यापारी कुटुंबांतील वाचकांना तो जड जाऊ नये. डॉल्फिनच्या जातीची संख्या सर्व काही अनुकूल असले तरी वर्षाला सुमारे ४ टक्क्यांनीच वाढू शकते, असे शास्त्रज्ञ धरून चालतात. हा निसर्गाचा व्याजदर. ७२ ला ४ ने भागण्याचा आपला जुना आडाखा लावला, तर मुद्दल दुप्पट व्हायला १८ वर्षे लागतात. उलट बाजूला ब्राझीलच्या मामिराउवा अभयारण्यात १९९४ ते २०१७ या काळात झालेल्या मोजणीत असे आढळले की तेथील बोतोंची संख्या दर दहा वर्षांनी निम्मी होत गेली. चक्रवाढीने पाहिले तर ही घट वर्षाला पावणेसात टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दहा वर्षांत जे गमावले ते परत मिळवायला, सारी संकटे आज थांबली तरी, अठरा वर्षे हवीत. रिओ शहराच्या मानचिन्हावर दोन डॉल्फिन कोरलेले आहेत. त्याच शहराच्या उपसागरात १९८० च्या दशकात चारशेच्या आसपास असलेले गयाना डॉल्फिन आता चाळिसांच्याही आत आले आहेत. पेढीच्या पाटीवर नाव झळकत राहिले आणि आत तिजोरी रिकामी होत गेली, असे झाले.

शंभर डॉल्फिनच्या कळपाला वर्षाचे व्याज मिळते चार जिवांचे. त्यांतून दोन जाळ्यात गेले, दोन प्रदूषणाने गेले, तर खाते जेमतेम बरोबरीत राहिले. पाचवा गेला की मुद्दलाला हात लागला. आणि माझ्या पाचशे रुपयांसाठी नौकांनी कोंडून दमवलेले ते पिल्लू त्या चारांपैकीच एक होते.

पण दक्षिण अमेरिकेतूनच एक समाधानाची गोष्टही सांगतो. दक्षिण ब्राझीलमध्ये लागुना नावाचे गाव आहे. तेथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मच्छीमार आणि डॉल्फिन मिळून मासे पकडत आले आहेत. मच्छीमार उथळ पाण्यात हातात पाग घेऊन उभे राहतात. डॉल्फिन बोई माशांचा थवा त्यांच्याकडे हाकलत आणतात आणि विशिष्ट तऱ्हेने बुडी मारून इशारा देतात. त्याच क्षणी पाग पडतो. माणसाला मासे मिळतात आणि विस्कटलेल्या थव्यातून डॉल्फिनलाही. ही विद्या बापाकडून मुलाला आणि डॉल्फिन मादीकडून पिल्लाला मिळत आली आहे. भागीदारीचा कागद नाही, परंतु दोन्ही पक्षांना लाभ आहे म्हणून ती टिकली. देवबागच्या नौकावाल्या मुलाचीही डॉल्फिनशी भागीदारीच आहे. कळप त्या मुखाशी राहिला तरच त्याचा हंगाम चालतो. हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते, म्हणूनच तो घुटमळला होता. त्याचा तोल बिघडवला तो गिऱ्हाईक म्हणून मी.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुट्टीत कोकणात जातात, पुढेही जातील, आणि अवश्य जावे. एवढेच सुचवावेसे वाटते की नौकेत बसण्याआधीच चालकाला सांगावे, "आम्हाला घाई नाही, जवळ जायचे नाही." पन्नास ते शंभर मीटरांवर इंजिन मंद करून थांबावे. कळपाच्या समोरून किंवा मधून न जाता बाजूने समांतर चालावे. पिल्लू दिसले तर लवकर निघावे. आधीच दुसऱ्या नौका असतील तर आपली पाळी येईपर्यंत दूर राहावे. आणि वरची नोट द्यायचीच असेल, तर ती दूर थांबल्याबद्दल द्यावी. नाना देशांत पाळले जाणारे नियम याहून फार वेगळे नाहीत, आणि गिऱ्हाईकच ते मागू लागले तर नौकावाल्यांना ते पाळणे कठीण नाही.

परत आल्यावर एका रविवारी नातवाला घेऊन बीडजवळच्या खजाना बावडीवर गेलो. सोळाव्या शतकात बांधलेली ही विहीर आजही पाणी राखून आहे. झऱ्याने जितके येते तितके भूमिगत कालव्यातून शेतांकडे जाते. गुप्त धन असल्याची दंतकथा बाजूला ठेवली, तरी तिला खजाना हे नाव शोभते. मी नातवाला ते समजावू लागलो. तो काठावरून वाकून खाली पाहत होता. म्हणाला, "आबा, त्या पिल्लाला आता कोणी त्रास देत नसेल ना?"

मी त्याला म्हटले की पुढच्या हिवाळ्यात आपण पुन्हा जाऊ आणि दुरून पाहू. मालवणची ती वृद्ध असामीही मला पुन्हा भेटायची आहे. सदतीस वर्षांपूर्वीच्या एका नोटिशीबद्दल त्यांची क्षमा मागायची राहून गेली आहे.